आठ अँपिअर

वागळे इस्टेटमधला बाबांचा कारखाना बंद झाला आणि आमच्या घरातून स्वस्थ बसणं हा प्रकारच उठला. ज्या माणसानं वर्षानुवर्षं सकाळी सव्वासातला पायात चपला सरकवल्या, त्याच्या पायांना आता दिवसभर काय करायचं ते कळेना. डोंबिवलीतलं आमचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि जाळी लावून आत घेतलेली गॅलरी. बाबा खोलीतून गॅलरीत जायचे, तिथून ओट्यापाशी यायचे, माठातलं पाणी प्यायचे, परत खोलीत. आई पोळीभाजी केंद्रासाठी घरी पोळ्या लाटायची. जमिनीवर बसून, एका हाताला परात, दुसऱ्या हाताला शेगडी. "अहो, एका जागी बसा की जरा, परातीत पाय पडेल," ती म्हणायची. बाबा बसायचे. दोन मिनिटांत त्यांचा गुडघा हलायला लागायचा आणि ते परत उठायचे. मीही त्यांचीच मुलगी. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा संपलेला, नोकरीचा पत्ता नाही, नखं कुरतडून बोटांची टोकं लाल झालेली. लाटण्याचा आवाज, बाबांची पावलं, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलाचा कधीच नीट न बसणारा तबल्याचा एकच तुकडा. तो सगळा उन्हाळा आम्ही या तीन आवाजांत काढला. आज माझ्या घरात शांतता भरपूर आहे. तरी दुपारी तीनच्या सुमाराला मी उगाच उठून ओट्यापर्यंत जाऊन येते. तहान लागलेली नसते.

बाबांनी सोलरचं काम काढलं ते या चालण्यातूनच. कारखान्यात ते कंट्रोल पॅनलचं वायरिंग करायचे. "आधी पत्र्याचं पॅनल करायचो, आता काचेचं," असं ते येईल त्याला सांगायचे आणि स्वतःच हसायचे. कुणाच्या फार्महाऊसवर दोन दिवे, कुणाच्या दुकानाच्या पाटीवर एक, अशी कामं मिळू लागली. गॅलरी बॅटऱ्यांनी भरली. आईच्या वाळत घातलेल्या साड्यांना ॲसिडची बारीक भोकं पडू लागली. एकदा तिनं भोक पडलेला पदर बाबांच्या डोळ्यांसमोर धरला आणि त्या भोकातून त्यांच्याकडे बघत म्हणाली, "दिसताय मला. तुमच्या सूर्यानं माझी साडी खाल्ली." पण त्या दिवशी तिनं त्यांच्या आवडीचं कुळथाचं पिठलं केलं होतं. बाबा कामाला लागले याचाच तिला आनंद होता.

हिराबाई आमच्याकडे आईमुळे आली. ती खाडीकाठच्या गावातली, बाजाराच्या कोपऱ्यावर सुकट, जवळा, बोंबील घेऊन बसायची, आणि आईचं तिच्याशी घेण्यादेण्याच्या पलीकडचं बोलणं होतं. तिचा नवरा गेलेला. एकुलता एक मुलगा जयेश कल्याणला एका नव्या इमारतीला रंग लावताना परांचीवरून पडला आणि कंबरेखालची जाणीव गेली. दवाखान्यातून घरी सोडताना त्याला हवेची गादी दिली होती. त्या गादीला एक छोटा पंप असतो. तो गादीच्या एका आड एक कप्प्यात हवा भरतो, काढतो, भरतो, काढतो. अंगाचा एकच भाग सतत दाबला जाऊ नये म्हणून. पंप चोवीस तास चालायला हवा. तो थांबला की माणूस चपट्या गादीवर पडून राहतो आणि कातडी फाटते. हिराबाईचं घर गावाबाहेर, खाडीच्या बांधाला लागून होतं. जमिनीच्या कागदांचा घोळ होता म्हणून वीजमीटर मिळत नव्हता. शेजाऱ्याकडून वायर ओढली होती, ती त्यानं भांडण झाल्यावर तोडली. आईनं जेवताना हे सगळं सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. "पंप किती वॅटचा आहे, विचारलंस का?" त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "मी बोंबील आणायला गेलेले, वॅट विचारायला नाही."

दुसऱ्याच दिवशी बाबा स्वतः जाऊन बघून आले आणि वहीत गणित मांडून बसले. पंप, एक छोटा पंखा, एक दिवा, पंपासाठी लहान इन्व्हर्टर. ठाण्याच्या एका कंत्राटदाराकडे मोठ्या इमारतींच्या गच्चीवर लावतात तसलं साठ सेलचं एक पॅनल शिल्लक पडलं होतं, अडीचशे वॅटचं. बाबा एरवी लावत त्या पॅनलांच्या दुप्पट. बाबांनी अडीचशेला बारानं भागलं आणि "वीस अँपिअर" असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. एवढ्यात सगळं भागून वर उरत होतं. मी शेजारीच बसले होते. डिप्लोमा झालेली. मीही तो आकडा बघितला आणि मान हलवली. ती मान मला आजही आठवते.

पॅनल बसवायला मी बाबांबरोबर गेले. पत्र्यावर चटके बसत होते, खाडीकडून चिखलाचा वास येत होता, आणि खाली हिराबाई चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. जयेश माझ्याच वयाचा. पलंगावर पडल्यापडल्या तो छताकडे बघून आमचे पायांचे आवाज मोजत असावा, कारण मी खाली उतरले तेव्हा म्हणाला, "तू चौदा येला इकडून तिकडं गेलीस. इंजिनेर हायस का?"

"डिप्लोमा."

"म्हंजे अर्धी."

बाबा मोठ्यानं हसले. मग त्यांनी चार्ज कंट्रोलर जोडला. पॅनल आणि बॅटरी यांच्या मधे बसतो तो हाताएवढा डबा, त्यावर तीन दिवे. बॅटरी नवी, दीडशे अँपिअर-अवरची. बटण दाबल्यावर पंप गुरगुरायला लागला आणि जयेशच्या पाठीखाली गादी हळूच हलली. हिराबाईनं आम्हाला भाकरी आणि जवळा वाढला. बाबा मांडी घालून निवांत जेवले. कारखाना सुटल्यापासून मी त्यांना इतका वेळ एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं.

त्याच आठवड्यात मला नोकरी लागली. वागळे इस्टेटमध्येच, बाबांच्या जुन्या गल्लीपासून दोन गल्ल्या पलीकडे, चार्ज कंट्रोलर जोडून तपासणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये. बाबांनी मला डबा ठेवायची जागा, चहावाला, शॉर्टकट, सगळं सांगितलं. मी निघाले की ते जिन्यापर्यंत यायचे.

आठवड्याभरातच हिराबाईचा फोन आला. पंप पहाटे बंद पडत होता. ती चारच्या सुमाराला माल आणायला बाहेर पडायची आणि अकरापर्यंत परत यायची. घरात असली की ती जयेशची कूस बदलायची, पण हे सात तास त्याच्याजवळ कोणी नसायचं. नेमके तेच तास पंप गप्प. बाबा धावत गेले. पॅनलचं व्होल्टेज मोजलं, भरपूर होतं. डब्यावरचा चार्जिंगचा दिवा लागलेला. म्हणजे बॅटरीच खराब, असं त्यांनी ठरवलं आणि दुकानात भांडून दुसरी आणली. ती लावल्यावर पंप चार-पाच दिवस मस्त चालला. बाबांनी घरी पेढे नाहीत पण जिलेबी आणली. आणि मग पुन्हा पहाटे पंप बंद. आता आम्हाला कळतं की नवी बॅटरी दुकानातून भरलेली येते. दोन्ही वेळा तीच साठवण संपेपर्यंत पंप चालला होता. तेव्हा बाबांना वाटलं की आपल्याला दोनदा खराब माल मिळाला. ते पुन्हा घरात चालू लागले, आधीपेक्षा जोरात. रोज सकाळी हिराबाईला फोन करायचे, "आज किती वाजता बंद पडला?" उत्तर ऐकून फोन ठेवायचे आणि गॅलरीतल्या बॅटऱ्यांची टर्मिनलं उगाच घासत बसायचे.

आमच्या युनिटच्या टेस्टिंगच्या प्रमुख देशपांडे मॅडम. बारीक, चष्मा कपाळावर, बोलणं तोडून टाकल्यासारखं. एका दुपारी त्या आम्हा नव्या मुलींना गच्चीवर घेऊन गेल्या. तिथे एक मोठं पॅनल होतं, साठ सेलचं. ते मी लांबूनच ओळखलं. मॅडमनी आधी एक साधा कंट्रोलर लावला, बाबा वापरत तसलाच, आणि मला क्लॅम्प मीटर देऊन म्हणाल्या, "बॅटरीकडे किती जातंय?" मी मीटरचा चिमटा वायरीभोवती धरला.

"आठ, मॅडम."

"पॅनल किती वॅटचं आहे?"

"अडीचशे."

"मग वीस का नाहीत?"

मॅडमनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. "हा स्वस्तातला डबा म्हणजे नुसता स्विच आहे. पॅनल उचलून बॅटरीला जोडतो. तीस व्होल्टचं पॅनल बॅटरीच्या तेरावर खाली खेचलं जातं, आणि अँपिअर तेवढेच राहतात. आठ. वरचे व्होल्ट फुकट. छत्तीस सेलच्या लहान पॅनलला हा चालतो, कारण तिथे फुकट जाण्यासारखं फारसं नसतं." मग त्यांनी आमच्याकडचा नवा, एमपीपीटी जातीचा कंट्रोलर लावला. "हा जास्तीचे व्होल्ट उतरवून त्याचे अँपिअर करतो. बघ आता." मीटरवर सतराच्या पुढे आकडा चढला. बाकीच्या मुलींनी "आई शप्पथ" केलं. मी चिमटा धरून तशीच उभी राहिले, मॅडमनी मीटर मागून घेईपर्यंत.

हे कळलं तो मंगळवार होता. मी बाबांना सांगितलं ते पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी. मधे नऊ दिवस गेले. का गेले, याची मी आयुष्यभर वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. पहिल्या दिवशी वाटलं, आपली खात्री नाही. दुसऱ्या दिवशी मी गणित चार वेळा करून पाहिलं, खात्री झाली. मग वाटलं, बाबांना आता कुठे लोक "सोलरवाले" म्हणायला लागलेत. नोकरीला महिना न झालेल्या मुलीनं त्यांना त्यांच्याच वहीतली चूक दाखवायची? मग वाटलं, ते स्वतःच शोधून काढतील. मी मुद्दाम त्यांच्यासमोर कंट्रोलरची माहितीपत्रकं विसरून जायचे. ते ती उचलून नीट घडी करून माझ्या पर्समध्ये ठेवायचे. रोज सकाळी त्यांचा हिराबाईला फोन व्हायचा, आणि तो व्हायच्या आत मी घराबाहेर पडायचे. सहापासूनच आवरायला लागायचे, अर्धा तास आधी पोचून इस्टेटमधल्या बंद शटरांसमोरून फेऱ्या मारायचे. पायांना थांबताच येत नव्हतं.

शेवटी आईनं पकडलं. मी ताटातला भात नुसता चिवडत होते. ती पोळपाटावरून नजर न काढता म्हणाली, "तू काहीतरी गिळून बसली आहेस. आणि ते हिराच्या पोराबद्दल आहे. तिचं नाव निघालं की तू उठतेस."

"आई, तसं काही नाही गं."

"त्याच्या पाठीला जखम झालीय. काल सांगत होती. आता तू मला सांगू नकोस. ज्याला सांगायचंय त्याला सांग."

बाबा गॅलरीत होते. मी जाऊन उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. तीस व्होल्ट, तेरा व्होल्ट, आठ अँपिअर. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग वही मागितली. दोन रेघा ओढलेलं ते पान काढलं, माझ्याकडून पेन घेतलं, आणि "वीस" वर काट मारून "आठ" लिहिलं. आठला दिवसभराच्या उन्हानं गुणलं. खालच्या गरजेशी ताडून पाहिलं. निम्मंच भरत होतं. मला वाटलं, आता ते रागावतील, किंवा म्हणतील की तुमचं शिक्षण वेगळं, माझा अनुभव वेगळा. त्यांनी विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. "गेल्या मंगळवारच्या आधीच्या," मी म्हणाले. खरं म्हणजे मला 'गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी' एवढंच म्हणायचं होतं, शब्द एकमेकांत अडकले.

"दिवस मोज."

"नऊ."

"नऊ दिवस मी त्या बाईला रोज फोन करतोय," बाबा म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मला कमीपणा येईल म्हणून गप्प बसलीस?"

मी होकारार्थी मान हलवली. ते उठले, गॅलरीच्या जाळीला हात लावून उभे राहिले. "माझी चूक मला माहीत नव्हती," ते जाळीबाहेर बघत म्हणाले. पुढचं मला न बोलता कळलं.

दुसऱ्या दिवशी मी देशपांडे मॅडमना सगळं सांगितलं. तसला कंट्रोलर कशासाठी हवा आहे तेही. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, कपाटातून एक नवा कंट्रोलर काढला. त्याचा पत्रा एका कोपऱ्यात चेपला होता म्हणून तो विकायला जाणार नव्हता. "आतून चांगला आहे. तरी माझ्यासमोर पुन्हा टेस्ट कर. पॅनलचं उघडं, म्हणजे काहीही न जोडता येणारं, व्होल्टेज या डब्याच्या मर्यादेत बसतंय का, ते आधी बघ." मी बघितलं. बसत होतं. नाव नोंदवून तो त्यांनी माझ्या हातात दिला.

त्याच संध्याकाळी, ऊन असताना, आम्ही दोघं खाडीवर गेलो. हिराबाई दारातच होती. बाबांनी चपला काढल्या, आत गेले, आणि जयेशच्या पलंगापाशी उभं राहून दोघांना ऐकू जाईल असं बोलले. "बॅटरी चांगली होती, बाई. दोन्ही चांगल्या होत्या. माझं गणित चुकलं. पॅनल मोठं बसवलं, पण त्याला जोडलेला डबा त्या पॅनलच्या जोडीचा नव्हता. तुमची बॅटरी रोज अर्धपोटी राहिली."

मी मागे उभी होते, पिशवीत डबा, हातात पान्हा. मी वाट बघत होते की बाबा पुढचंही सांगतील. त्यांनी सांगितलं नाही. सगळं स्वतःवर घेऊन ते थांबले. आणि मी त्यांना थांबू दिलं.

हिराबाई म्हणाली, "मना ता गनित समजत नाय, भाऊ. तुमी इकडं या." तिनं जयेशला कुशीवर घेतलं आणि चादर बाजूला केली. माकडहाडापाशी कातडी गेलेली होती, नाण्याएवढी, कडा काळसर, मधे ओलं लाल. आरोग्य केंद्राची नर्स दिवसाआड येऊन ड्रेसिंग करत होती. बाबांनी नजर वळवली नाही. हिराबाई चादर सोडेपर्यंत ते बघत राहिले. जयेश भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "मना दुखत नाय, काका. तीच त भानगड हाय."

नवा कंट्रोलर बसवायला अर्धा तास लागला. आधी बॅटरीची वायर, मग पॅनलची, हा क्रम बाबांनी मला मोठ्यानं म्हणायला लावला. ऊन कलत आलं होतं तरी डब्याच्या पडद्यावर अकरा अँपिअर दिसले. जयेशनं विचारलं, तो आकडा त्याला पडल्यापडल्या दिसेल असा लावता येईल का. बाबांनी डबा भिंतीवरून काढून हातभर खाली, पलंगासमोर बसवला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी हिराबाईच्या फोनवरून त्यानंच बाबांना कळवलं, "सतरा पॉइंट चार." त्या आठवड्यापासून पंप पहाटे थांबला नाही. बाबा त्यानंतर कुठल्याही कामाला जाण्याआधी पॅनलच्या मागच्या लेबलचा फोटो मला पाठवायचे. खाली एकच शब्द असायचा, "चालेल?" मी उत्तर दिल्याशिवाय ते पुढे सरकायचे नाहीत. पण त्यांनी तो नऊ दिवसांचा विषय माझ्याकडे पुन्हा कधीही काढला नाही, आणि त्यामुळे मला बसल्या जागी बसता येईना.

जखम भरायला चार महिने लागले. त्यातल्या पहिल्याच महिन्यात, सुट्टीच्या एका दिवशी दुपारी, मी घरी न सांगता एकटीच खाडीवर गेले. हिराबाई ओसरीवर बोंबील निवडत बसली होती. मी बसलेसुद्धा नाही.

"मावशी, बाबांची चूक मला आधीच कळली होती. मी त्यांना नऊ दिवस सांगितलं नाही."

तिचे हात थांबले. "नव दीस?"

"हो."

तिनं आत पलंगाच्या दिशेनं पाहिलं. मग माझ्याकडे. ती ओरडेल, हाकलून देईल, आईला फोन करेल, या सगळ्याची मी वाटेत तयारी केली होती. तिनं टोपली बाजूला सारली, पदराला हात पुसले आणि उठली.

"साबनानं हात धू," ती म्हणाली. "त्याची कूस बदलायचा वेल झालाय. तू खांद्याकडं धर."

मी हात धुतले. जयेशनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ओसरीवरचं त्याला सगळं ऐकू गेलं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी एक हात त्याच्या खांद्याखाली घातला, दुसरा पाठीखाली. हिराबाईनं कंबर धरली आणि तीन म्हणताच जोर लावला. इतके महिने अंथरुणात काढलेला मुलगा हलका असेल, असं मी धरून चालले होते. तो हलला नाही. माझा हात घसरला आणि मी त्याच्या अंगावर पडता पडता वाचले.

"पयल्या येला कोनाला जमत नाय," हिराबाई म्हणाली. "परत धर."